जालन्याचा महापौर आणि जालनेकराचे मत

१५ जानेवारी २०२६ रोजी जालन्याच्या मतदाराने महानगरपालिकेसाठी पहिल्यांदा मतदान केले. १६ प्रभाग, ६५ जागा. १५ प्रभागांत चार-चार नगरसेवक आणि एका प्रभागात पाच. म्हणजे बहुतेकांनी यंत्रावर चार बटणे दाबली. त्यांतले एकही मत शहराच्या प्रमुखासाठी नव्हते. त्याआधी, डिसेंबर २०२५ मध्ये, याच जिल्ह्यातल्या अंबड, परतूर आणि भोकरदनच्या लोकांनी नगरपरिषदेसाठी मतदान केले. तिथे नगराध्यक्षाच्या उमेदवारांची यादी वेगळी होती आणि त्यासाठी मतही वेगळे होते. आपल्या गावाचा कारभारी कोण, हे त्यांनी स्वतः ठरवले. जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या शहराला मात्र तो अधिकार उरलेला नाही. २०१६ मध्ये होता. तेव्हा जालन्यात नगरपरिषद होती आणि संगीता गोरंट्याल थेट जनतेतून नगराध्यक्ष म्हणून निवडून आल्या होत्या. २०२३ मध्ये शासनाने जालन्याला महानगरपालिका दिली. राज्यातली ही एकोणतिसावी, मराठवाड्यातली पाचवी. शहराचा दर्जा वाढला आणि मतदाराच्या हातातले एक मत गेले.

या अदलाबदलीवर शहरात जेवढे बोलले गेले पाहिजे होते तेवढे बोलले गेले नाही. चर्चा झाली ती घरपट्टी वाढेल का, निधी किती येईल, हद्द कुठवर जाईल याची. हे प्रश्नही खरे आहेत. पण निधी आला तर तो कुठे खर्च करायचा हे कोण ठरवणार, आणि तो वाया गेला तर आपण कुणाला घरी बसवणार, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. माझे म्हणणे असे आहे की महाराष्ट्रातले महापौरपद आज ज्या रूपात आहे, त्या रूपात ते शहराला प्रमुख देत नाही. ते थेट मतदानातून, पाच वर्षांसाठी आणि कारभाराच्या अधिकारासह दिले गेले पाहिजे, आणि त्या महापौराला आवरणारे सभागृहही तितकेच ताकदीचे असले पाहिजे. असे महापौर जगात इतरत्र आहेत, आपल्या शेजारच्या राज्यातही आहेत. आपल्याकडे ते का नाहीत याला एक इतिहास आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जालन्याला लागू असलेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा आहे. पूर्वी त्याचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम असे होते. या कायद्यात कारभाराची तीन मुख्य प्राधिकरणे आहेत: महानगरपालिका म्हणजे सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त. महापौराचे नाव त्यात नाही. अंमलबजावणीचे सगळे अधिकार कलम ६७ ने आयुक्ताकडे दिले आहेत. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतो आणि स्थायी समितीपुढे ठेवतो. मोठ्या निविदा मंजूर करणारी स्थायी समिती १६ जणांची असते आणि तिचा सभापती वेगळा निवडला जातो. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, विषयपत्रिकेवरच्या चर्चेला वळण देऊ शकतो, मत समसमान पडले तर निर्णायक मत देतो. त्याची मुदत अडीच वर्षांची. त्याला नगरसेवक निवडतात, आणि हे पद कोणत्या प्रवर्गाचे हे मंत्रालयातल्या सोडतीत ठरते.

आता नगरपरिषदेचा नगराध्यक्ष पाहा. तिथेही मुख्याधिकारी शासनाचा असतो आणि तोही पुष्कळदा नगराध्यक्षाचे ऐकत नाही. तरी १९६५ च्या कायद्याने नगराध्यक्षाला कारभारावर आणि खर्चावर देखरेख ठेवण्याचे काम दिले आहे, आणि स्थायी समितीचा अध्यक्ष पदसिद्ध तोच असतो. म्हणजे लहान गावाच्या प्रमुखाला तिजोरीच्या खोलीत बसायला खुर्ची तरी आहे. मोठ्या शहराचा प्रमुख त्या खोलीच्या बाहेर आहे. परतूरच्या नगराध्यक्षाला मतदार विचारू शकतो, की तुम्ही स्थायी समितीत बसून काय केलेत? जालन्याचा महापौर त्याच प्रश्नाला खरेपणाने उत्तर देऊ शकतो, की ते माझ्या हातात नव्हते.

आणि जालन्यात हा प्रश्न बहुतेक वेळा पाण्याचा असतो. शहराला दोन ठिकाणांहून पाणी मिळते: निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडी तलाव आणि जायकवाडीहून पैठण-अंबडमार्गे आलेली जलवाहिनी. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडी आटला आणि शहर टँकरवर जगले. पुढे तलावातला गाळ काढायला शहरातले लोक, व्यापारी, उद्योजक पुढे आले, आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी तो गाळ शेतात नेला. लोकांनी आपल्या तलावासाठी एवढे केलेले शहर आहे हे. पण नळाला पाणी कित्येक दिवसांआड का येते, मुख्य वाहिनीतली गळती का थांबत नाही, जुन्या जालन्याला एक आणि नव्या जालन्याला दुसरे वेळापत्रक का, असे विचारले की उत्तर प्रवासाला निघते. नगरसेवक अभियंत्याकडे बोट दाखवतो, अभियंता आयुक्तांच्या सहीकडे, आयुक्त शासनाच्या मंजुरीकडे. या साखळीत एकही माणूस असा नाही ज्याला पाण्यासाठी म्हणून मतदाराने खुर्चीवर बसवले आणि पाण्यासाठी म्हणून खाली उतरवता येते.

ही रचना कुणी वाईट हेतूने केलेली नाही, आणि तिच्यामागे काही चांगली माणसेही होती. १८६५ मध्ये मुंबईत आर्थर क्रॉफर्ड हा पहिला महापालिका आयुक्त झाला. कर्तबगार माणूस, त्याने बाजार बांधला, गटारे काढली, शहर झपाट्याने बदलले. आणि त्याने पैसाही असा उधळला की १८७१ मध्ये करदाते चिडून उठले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी जी भूमिका घेतली ती आजही वाचण्यासारखी आहे. अधिकारी कर्तबगार हवा, हे त्यांना मान्य होते. पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचे नियंत्रण हवे, हा त्यांचा आग्रह होता. १८७२ चा कायदा आणि मग १८८८ चा मुंबई महापालिका कायदा या विचारातून घडले, आणि आयुक्त व सभा यांची जोडी पक्की झाली. १९३१ मध्ये मुंबईच्या सभेच्या अध्यक्षाला महापौर म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा त्याच साच्यातून निघाला, पुढे तो पुणे, नाशिक, औरंगाबाद करत जालन्यापर्यंत आला.

मेहतांच्या काळात सरकार परके होते. परक्या सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आपल्या सभेने बांधून ठेवणे हा तेव्हाचा पराक्रम होता. परके सरकार गेले, तरी मुंबईतून नेमलेला अधिकारी जागेवर राहिला आणि सभेची दोरी सैल होत गेली. कायद्यात आजही आयुक्ताला परत पाठवण्याची सोय आहे. एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर शासनाने आयुक्त परत बोलावला पाहिजे; जालन्याच्या ६५ पैकी ४१ मते पुरतात. पण नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वासाचा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला, आणि शासनाने त्यांना तरीही तिथेच ठेवले. त्या वेळी शहरातले अनेक सामान्य नागरिक मुंढेंच्या बाजूने होते, हे लपवण्याचे कारण नाही. त्यांना नगरसेवकांपेक्षा अधिकारी जास्त विश्वासाचा वाटला. यावरून कुणी म्हणेल की लोकांनाच निवडलेला कारभारी नको आहे. मला त्यातून वेगळे दिसते. अधिकार नसलेल्या पदांवर वर्षानुवर्षे माणसे बसवली की ती माणसे टक्केवारीत, बदल्यांत, ठेक्यांत आपला अधिकार शोधतात. मग लोक त्यांच्याकडे पाठ फिरवतात, आणि त्या पाठ फिरवण्याचा दाखला देऊन त्यांना अधिकार नाकारला जातो.

मराठवाड्याला हा अनुभव मुंबई-पुण्यापेक्षा उशिरा आणि जास्त कडू आला. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या हातात असे, स्थानिक मंडळांचे अध्यक्षपदही त्याच्याकडेच असे. शहरांनी स्वतः काही ठरवावे, ही कल्पनाच रुजू दिलेली नव्हती. पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सभासद होते. तिथल्या लोकांना सभागृहात भांडण्याची सवय लागली, तेव्हा जालन्यातल्या माणसाला अर्ज करण्याची सवय लागत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. अर्ज करण्याची सवय मात्र टिकून राहिली, आणि शासनानेही ती मोडावी असे काही केले नाही. शेजारच्या औरंगाबादेत डिसेंबर १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि तिची पहिली निवडणूक व्हायला १९८८ उजाडले. मधली वर्षे प्रशासक होता. जालन्यातही तेच घडले. २०२१ च्या अखेरीस नगरपरिषदेची मुदत संपली, मग प्रशासक आला. महानगरपालिका झाली ती प्रशासकाच्याच हाताखाली. आणि पहिले सभागृह यायला २०२६ उजाडले. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक केले आहे. आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता हे खरे. पण मे २०२५ मध्ये न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगेपर्यंत राज्यातल्या बहुतेक महानगरपालिका सभागृहाविना चालल्या, आणि सत्तेवरच्या एकाही सरकारला त्याची फार टोचणी लागली असे दिसले नाही.

त्या चार वर्षांबद्दल काही माणसे म्हणतात, प्रशासकच बरा, नगरसेवकांची कटकट नाही, फायली लवकर हलतात. हे म्हणणाऱ्यांत प्रामाणिक माणसे आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जालन्याच्या तत्कालीन आयुक्तांना १० लाख रुपयांची लाच घेतल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली. आरोप खरा की खोटा, ते न्यायालय ठरवेल. त्या व्यक्तीपेक्षा मला रचना महत्त्वाची वाटते. त्या चार वर्षांत बिल मंजूर करणारा, त्यावर सही करणारा आणि ते तपासणारा, सभेच्या नावाने ठराव करणाराही, एकच अधिकारी होता. प्रश्न विचारायला सभागृह नव्हते. माणूस कितीही सचोटीचा असला तरी अशा जागी त्याला बसवणे हा त्याच्यावरही अन्यायच.

इथे ब्राझीलची आठवण काढतो, कारण प्रशासक बरा की निवडलेला कारभारी बरा, हा वाद त्या देशाने शंभर वर्षे आपल्या अंगावर झेलला आहे. पोर्तुगीजांनी वसाहतींमध्ये नगरसभा नेल्या. तीच नगरसभा गोव्यात आली आणि तीच ब्राझीलमध्ये सोळाव्या शतकात साल्वादोरला गेली. त्या सभांना जमीनदार आणि व्यापारी चालवत. स्वतंत्र असा नगरप्रमुख नव्हता. प्रजासत्ताक आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नगरप्रमुखाचे पद उभे राहिले. साओ पावलोचा पहिला नगरप्रमुख अंतोनियो प्रादो १८९९ मध्ये आला आणि १९११ पर्यंत राहिला. रिओ तेव्हा राजधानी, तिथे राष्ट्राध्यक्ष नगरप्रमुख नेमत. १९०२ मध्ये नेमलेल्या पेरेइरा पासोसने रस्ते रुंद केले, बंदराजवळच्या जुन्या दाट वस्त्या पाडल्या आणि त्यांतल्या गरिबांना कुठे जायचे ते सांगितले नाही. ती माणसे टेकड्यांवर चढली. १९०४ मध्ये लसीकरणाच्या सक्तीवरून शहर पेटले, त्यामागे हा रागही होता. मतांसाठी त्या लोकांच्या दारात ज्याला कधी जावेच लागणार नव्हते, त्याने हे केले. पुढे राष्ट्राध्यक्ष वार्गासच्या काळात आणि १९६४ नंतरच्या लष्करी राजवटीत राज्यांच्या राजधान्यांचे नगरप्रमुख वरून नेमले जात. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्या शहरांना स्वतःचा नगरप्रमुख निवडण्याचा अधिकार परत मिळाला. १९८८ च्या राज्यघटनेने तर नगरपालिकेला संघराज्याचा घटक म्हणून मान्यता दिली: केंद्र, राज्ये, आणि त्यांच्या बरोबरीने नगरपालिका. नगरप्रमुख थेट मतदानाने, चार वर्षांसाठी. दोन लाखांपेक्षा जास्त मतदार असलेल्या शहरात कुणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. आज जालना ब्राझीलमध्ये असते तर ते त्या यादीत बसले असते.

१९८८ मध्येच साओ पावलोत लुईझा एरुंदिना निवडून आल्या. ईशान्येच्या दुष्काळी पाराइबा राज्यातून शहरात आलेली स्थलांतरित बाई, समाजसेविका, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या शहराची प्रमुख. साओ पावलोच्या जुन्या घराण्यांनी बंद खोलीत प्रमुख निवडायचा असता तर त्यांचे नाव चर्चेतही आले नसते. पोर्तो अलेग्रेत ओलिव्हिओ दुत्रा आले आणि १९८९ पासून त्यांनी अंदाजपत्रकाचा एक भाग वस्त्यांच्या सभांमध्ये नेला. कोणत्या वस्तीत आधी नळ, कुठे गटार, कुठे रस्ता, हे लोक हात वर करून ठरवू लागले. पुढे जगभरातल्या शेकडो शहरांनी ते उचलले. आपल्याकडे पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना घेतल्या जातात. पण आपल्या कायद्यात अंदाजपत्रक आयुक्ताचे. जालन्याच्या महापौराला उद्या वाटले की जुन्या जालन्यातल्या वस्त्यांमध्ये बसून पाण्याचा पैसा कुठे घालायचा ते ठरवू, तर त्यांना आधी आयुक्तांना विनंती करावी लागेल. क्षेत्रसभांची तरतूद २००९ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात आली. ती कागदावरून मोहल्ल्यात उतरली नाही, कारण ती उतरवणे ही कुणाचीच जबाबदारी नाही.

ब्राझीलचे उदाहरण माझ्या विरुद्धही जाते, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. कुरितिबा शहराची बससेवा जगात नावाजली गेली. १९७४ मध्ये बसला स्वतंत्र मार्ग मिळाला, शहराचा मुख्य रस्ता त्याआधीच पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा झाला. हे करणारे जाइमे लेर्नर १९७१ मध्ये लष्करी राजवटीत नेमले गेले होते, निवडून आले नव्हते. प्रशासकवाद्यांना याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. पण लेर्नर वास्तुरचनाकार होते, त्याच शहरातले होते, शहराच्या नियोजन संस्थेत त्यांनी आधी काम केले होते आणि तीन वेळा ते त्या पदावर आले. १९८८ मध्ये तर लोकांनीच त्यांना निवडले. आपला आयुक्त दोन-तीन वर्षांत बदली होऊन जातो, पुष्कळदा त्याआधीच. ज्याला पुढच्या उन्हाळ्यात आपण कुठे असू हे माहीत नाही, त्याच्याकडून दहा वर्षांची जलवाहिनी मागणे हे त्याच्यासाठीही अवघड आहे. आणि लेर्नर नेमणाऱ्या त्याच राजवटीने साओ पावलोत पावलो मालुफ नेमले होते. नेमणुकीतून कोण येईल हे शहराच्या हातात नसते, एवढाच त्याचा अर्थ.

मालुफ पुढे निवडूनही आले, आणि १९९३ ते १९९६ च्या कारकिर्दीतला पैसा परदेशात फिरवल्याबद्दल दोषी ठरून डिसेंबर २०१७ मध्ये तुरुंगात गेले. थेट निवडलेला नगरप्रमुख चोर निघू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते. त्याच्यावर बोट ठेवता येते, हेही सिद्ध होते. निर्णय त्याचे होते, सह्या त्याच्या होत्या, म्हणून दोषही त्याचा ठरवता आला. सोळा जणांच्या समितीत आणि आयुक्तांच्या फायलीत वाटलेल्या निर्णयाचा दोष कुणाच्या गळ्यात घालायचा?

थेट निवडणुकीवर आपल्याकडे घेतला जाणारा मोठा आक्षेप वेगळा आहे. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, मग पाच वर्षे खेचाखेची. २००१ नंतर आणि २०१६ नंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपरिषदांनी हे भोगले. आक्षेप खरा आहे. पण यावर महाराष्ट्राने केलेले उपाय पाहिले की वाईट वाटते. १९७४ मध्ये नगराध्यक्षाची थेट निवड झाली, मग ती गेली. २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली. २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली. २०२२ मध्ये पुन्हा आली. दर वेळी कारण सांगितले गेले ते कारभाराचे, आणि २०१६ पासून तर दर वेळी बदल झाला तो सरकार बदलल्यावर. कोणत्या पद्धतीत आपली माणसे जास्त बसतील याचा हिशोब मुंबईत झाला आणि अंबड-परतूरला तो पाळावा लागला. मुंबई आणि नागपूरला १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला, महापौराला मंत्रिमंडळासारखी परिषद आणि कारभाराचे अधिकार मिळाले. वर्षभरात तो गुंडाळला. एखादी पद्धत चांगली की वाईट हे कळायला तिला दोन-तीन निवडणुका तरी मिळाव्या लागतात. आपण तेवढा धीर कधी धरलाच नाही.

खेचाखेचीवर उपाय आहेत. नगरप्रमुखाने मांडलेले अंदाजपत्रक सभागृहाने ठरावीक मुदतीत दुरुस्त करावे किंवा मंजूर करावे, नाहीतर आधीच्या वर्षाचे चालू राहावे. सभागृहाला नगरप्रमुखाची चौकशी करण्याचा आणि गंभीर गुन्ह्यासाठी, मोठ्या बहुमताने, त्याला हटवण्याचा अधिकार असावा. आयुक्त राहावा, तो नगरप्रमुखाच्या हाताखालचा मुख्य अधिकारी असावा आणि त्याची बदली मुदतीआधी करायची तर कारणे सभागृहापुढे ठेवावी लागावीत. हे अशक्य नाही. सीमेपलीकडे बुऱ्हाणपूर जालन्यापेक्षा लहान आहे. २०११ च्या जनगणनेत जालन्याची वस्ती सुमारे २ लाख ८५ हजार होती, बुऱ्हाणपूरची सुमारे २ लाख १० हजार. तिथे २०२२ मध्ये महापौर थेट मतदानाने निवडला गेला, आणि मध्य प्रदेशच्या कायद्यात महापौर परिषद आहे. इंदूर, जिथे मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत, ते स्वच्छतेत देशात पहिले आले तेव्हा तिथे मालिनी गौड या थेट निवडून आलेल्या महापौर होत्या आणि त्यांच्यासोबत कर्तबगार आयुक्तही होता. दोघांपैकी एकालाच श्रेय देणे चूक ठरेल. माझा मुद्दाही तोच: दोघे लागतात, आणि दोघांतला एक लोकांनी निवडलेला असावा व त्याच्या हातात काम असावे.

पैशाचा आक्षेपही घेतला जातो. सव्वादोन-अडीच लाख मतदारांच्या शहरात थेट निवडणूक लढवायला फार पैसा लागेल, मग सळई कारखानदार किंवा बियाण्यांचे व्यापारी ठरवतील तोच महापौर होईल. जालन्यात पैसा आहे, त्याचे वजन आहे, हे नाकारता येत नाही. पण ३३ नगरसेवकांची मोट बांधायला लागणारा पैसा, सहलीच्या गाड्या, हॉटेलच्या खोल्या, हे आपण राज्यभर पाहिले आहे. अडीच लाख माणसे विकत घेण्यापेक्षा तेहतीस विकत घेणे सोपे असते.

सगळ्यांत जवळचा मुद्दा शेवटी ठेवला आहे. २२ जानेवारी २०२६ ला मंत्रालयात निघालेल्या सोडतीत जालन्याचे पहिले महापौरपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाले. ज्या शहरात शंभर वर्षांपूर्वी विहिरीवरून माणसे वेगळी केली जात होती, तिथला पहिला महापौर दलित बाई असावी, याचे मला मनापासून समाधान आहे. पण त्याच वेळी हेही दिसते, की ज्या समाजाला शतकानुशतके कारभाराबाहेर ठेवले, त्यांच्या बाईला कारभार द्यायची वेळ आली तेव्हा आपण तिला अध्यक्षस्थान दिले आणि अंदाजपत्रक दुसरीकडे ठेवले. अडीच वर्षांत तिला सभागृहाचे नियम कळेपर्यंत पुढची सोडत निघेल. मग लोक म्हणतील, राखीव जागेवर आलेल्या बाईंनी काही केले नाही. आरक्षणाला बदनाम करण्याचा याहून सोपा मार्ग नाही. पन्नास टक्के जागा महिलांना देणाऱ्या राज्याने त्या जागांमागचे अधिकारही द्यायला हवेत, पूर्ण पाच वर्षांसाठी. एरुंदिनांना साओ पावलोने चार दिली होती.

१९४९ च्या कायद्यात हा बदल करायला घटनादुरुस्ती लागत नाही. महापौर कसा निवडायचा आणि त्याला कोणते अधिकार द्यायचे, हे घटनेने विधिमंडळावर सोपवले आहे. जालना जिल्ह्यातून पाच आमदार विधानसभेत जातात. त्यांच्या पक्षांनी जिल्ह्यात नगराध्यक्षाची थेट निवडणूक आली तेव्हा व्यासपीठावरून मते मागितली आहेत, आणि लोकांना आपला प्रमुख निवडता आला पाहिजे असेच तिथे मानले गेले आहे. तीच गोष्ट जालना शहरासाठी विधानसभेत मागायला या आमदारांना कुणी अडवलेले नाही. महापौराची पहिली अडीच वर्षे २०२८ च्या मध्यात संपतील आणि महानगरपालिकेची पाच वर्षे २०३१ च्या सुरुवातीला. दुरुस्ती आजपासून मांडली, समितीत घासली, नगरपरिषदांचा पन्नास वर्षांचा अनुभव तिच्यात घातला, तर २०३१ च्या मतदानाला ती तयार असू शकते, आणि जालन्याच्या मतदाराला चार बटणांच्या जोडीला आपल्या शहराच्या प्रमुखासाठी पाचवे बटण मिळू शकते.